सव्वाचारचा उजेड

वाचनालयात येऊन न वाचणाऱ्या माणसांचे तीन प्रकार असतात, आणि ते तिन्ही मला तोंडपाठ होते. एक झोपणारे. दुसरे, घरी पंखा नाही म्हणून येणारे. आणि तिसरे, माझ्या टेबलाकडे पाहणारे. हे तिसरे फार नव्हते, सगळे मिळून अडीच. अर्धा अशासाठी, की तो चष्मा घरी विसरून यायचा.

त्या गुरुवारी आलेला माणूस यातल्या कुठल्याच रकान्यात बसेना. तो भिंत पाहायला आला होता.

साल एकाहत्तर, ऑक्टोबर संपत आलेला. जबलपूरच्या सदर भागातलं आमचं वाचनालय म्हणजे इंग्रजांच्या वेळचा एका पलटणीचा क्लब. साहेब लोक गेले तेव्हा बिलियर्डचं टेबल मागे राहिलं — त्यावर आता वर्तमानपत्रं पसरलेली असत — आणि एक चित्र राहिलं. खाटेएवढं मोठं. खवळलेला समुद्र, मोडक्या डोलकाठीचं जहाज, आणि काळ्या ढगांच्या फटीतून फुटलेला पिवळा उजेड. खालची पितळी पट्टी कुणीतरी कधीच उपटून नेलेली, त्यामुळे चित्र कुणाचं, समुद्र कुठला, कुणालाच ठाऊक नव्हतं. मेंबरांना ते आवडत नसे. जबलपूरच्या माणसाला पाणी म्हणजे नर्मदा. तिला काठ असतात, घाट असतात. हे बिनकाठाचं पाणी बघून म्हाताऱ्यांना घेरी यायची. म्हणून सगळ्या खुर्च्या चित्राकडे पाठ करून मांडलेल्या.

या माणसानं एक खुर्ची उचलली, फिरवली, आणि चित्रासमोर ठेवून बसला.

मी रजिस्टर पुढे सरकवलं. "आधी नाव लिहा. आत आल्याची वेळ लिहा."

त्यानं लिहिलं. गुणवंत खानझोडे. पत्ता कांचघर. वेळ ३-५०. व्यवसायाच्या रकान्यात — नोकरी.

"कुठे?" मी विचारलं.

"काय कुठे?"

"नोकरी."

"आहे एक," तो म्हणाला. "बरी आहे."

आणि हसला. हसला की डाव्या गालावर एक बारीक रेघ उमटायची... ते मी नंतर पाहिलं. आधी त्याची नखं पाहिली. इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग, आणि नखांच्या कडेला हिरवी रेघ. भांग घोटतो की काय हा?

मग त्यानं खिशातून एक काळी वही काढली आणि चित्राकडे पाहत पाहत आकडे लिहायला लागला.

आकडे! समुद्राकडे पाहून!

मी वर्तमानपत्रं नीट लावायच्या निमित्ताने त्याच्या मागून दोनदा गेले. तीन-तीन आकडी संख्या, एकाखाली एक.

"काय लिहून राहिले?"

त्यानं वही मिटली नाही. पण अंगठा मात्र बरोबर एका ओळीवर ठेवला. "समुद्र," तो म्हणाला.

"हिशेबात?"

"लाटा फार आहेत ना," तो म्हणाला, "लिहून ठेवल्या नाही तर घोळ होतो."

आमच्याकडे सगळे मला दीदी म्हणायचे. नव्वदीचे आजोबासुद्धा म्हणायचे. हा काहीच म्हणत नव्हता. वाक्यच असं वळवायचा की हाक मारायची वेळ येऊ नये. याचीही मी मनात नोंद करून ठेवली.

पुढच्या गुरुवारी तो आला. त्याच्या पुढच्याही. बरोबर पावणेचार ते चारच्या दरम्यान यायचा, पाचला जायचा. चवथ्या गुरुवारपर्यंत माझ्याजवळ त्याच्याबद्दल एवढं जमलं होतं: चहात साखर कमी. पेन डाव्या खिशात, रुमाल उजव्या. लग्नाची अंगठी नाही — हे मी केवळ ओळख पटवण्यासाठी पाहिलं. आणि सव्वाचार वाजले की त्याची मान चित्रावरून हळूच डावीकडे, खिडकीकडे वळायची. चोरून. मी वर पाहिलं की मान परत समुद्रात.

डावीकडे पश्चिमेची खिडकी होती. खिडकीशी माझं टेबल. आणि खिडकीबाहेर, मैदानापलीकडे, मालगाड्यांची लाइन.

आता नोव्हेंबर एकाहत्तर म्हणजे काय दिवस होते ते सांगायला हवं. पूर्वेकडे कधीही पेटेल असं सगळे म्हणत होते. आमच्या गावात तोफा, गोळे, ट्रक, सगळंच बनायचं. गल्लोगल्ली सूचना लागल्या होत्या, अनोळखी माणसाशी बोलू नका, संशय आला तर कळवा. ब्लॅकआउटची तालीम चालायची. आणि त्या लाइनवरून ताडपत्रीखाली झाकलेले डबे जायचे. त्यांच्यावर नंबर असायचे.

तीन आकडी? मी विचार केला. आणि मला दरदरून घाम आला.

"ही खिडकी रोज उघडी असते?" एकदा त्यानं विचारलं.

"काहून?"

"सव्वाचारला उजेड तिरपा येतो. चित्रावर अर्धा तास असतो, मग जातो."

"उजेडाचं तुम्हाला काय?"

"मला दुसरं काय हवं आहे!" तो म्हणाला. आणि खिशातून पोस्टकार्डाएवढा करडा पुठ्ठा काढला. मध्ये चवलीएवढं भोक. त्या भोकातून एक डोळा मिटून तो समुद्र न्याहाळू लागला, इंच इंच सरकत.

हे सगळं मला सरळ दुर्बिणीच्या घराण्यातलं वाटलं.

"गावचे कुठले तुम्ही?"

"इथलाच. आजोबा नागपूरहून आले."

"समुद्र पाहिला आहे कधी?"

"नाही. अन् तुम्ही?"

"विषय बदलू नका."

"मी कुठे बदलला? समुद्राचाच चालू आहे." गालावरची ती रेघ. "पाहा ना, कार्... म्हणजे, लोक ज्याला समुद्री हिरवा म्हणतात ना, तो या अख्ख्या समुद्रात कुठेच नाही. मी शोधून थकलो. फक्त ती एक लाट — तिच्यामागे सूर्य आहे, म्हणून ती आतून हिरवी होते. काचेसारखी. बाकी सगळं काळं, तपकिरी, जांभळं. अन् तरी आपण म्हणतो, काय उजेड आहे!"

तो बोलत होता आणि मी त्या लाटेकडे पाहत होते. तीन वर्षं ते चित्र माझ्या डाव्या हाताला होतं. ती लाट मी पाहिलीच नव्हती. क्षणभर... अगदी क्षणभरच... वाटलं की असाच बोलत राहावा हा. मग मी सावध झाले. हेर काय ओरडत येतात? ते असंच गोड बोलतात.

एक 'कार्' म्हणून शब्द त्यानं गिळला होता. तोही मी लिहून ठेवला.

पंचवीस नोव्हेंबरला तो हात धुवायला मागे गेला. वही खुर्चीवर राहिली. मी दोन मिनिटांत दोन पानं उतरवून घेतली. माझा हात त्या कामात चांगला आहे. एका पानावर बारीक चौकोन आणि आकडे. दुसऱ्यावर —

११ नोव्हें. — ४.१५ — ५४१, ३९७.
१८ नोव्हें. — ४.१५ — १०४, ३५२.
२५ नोव्हें. — ४.१५ — २९८.

तारीख, वेळ, डब्यांचे नंबर. आणखी काय पाहिजे?

तरी मी आठ दिवस काही केलं नाही. का केलं नाही, हे विचारू नका. दोन डिसेंबरला तो आला, निघताना दाराशी थांबला आणि म्हणाला, "पुढच्या गुरुवारी... एक विचारायचं आहे."

"आत्ताच विचारा."

"आत्ता नाही होणार."

"काहून?"

"उजेड गेला," तो म्हणाला, आणि सायकलवर बसून निघून गेला.

तीन तारखेला लढाई सुरू झाली. चारला आमचे वाचनालयप्रमुख शालिग्रामजी यांनी खळ शिजवून आणली आणि आम्ही दोघांनी मिळून पश्चिमेची खिडकी काळ्या कागदाने बंद केली. "अब इसमें से जुगनू भी नहीं झाँकेगा, बिटिया," ते म्हणाले. समुद्र अंधारात गेला. आणि मी घरी जाताना, चौकातल्या सूचनापेटीत एक निनावी चिठ्ठी टाकली. नाव, पत्ता, गुरुवारांच्या तारखा, आणि उतरवलेली दोन पानं. त्यांची एक प्रत माझ्याजवळ ठेवून, अर्थातच.

नऊ तारखेचा गुरुवार आला. तो आला नाही. मी रजिस्टरात दिवसभर त्याच्या मागच्या गुरुवारांच्या ओळीच पाहत बसले. देशाचं काम केलं होतं, पण डबा तसाच घरी परत नेला.

आमच्या गावात फॅक्टरीच्या माणसांची एक रीत असते. आतलं बाहेर बोलायचं नाही. बाबा तेवीस वर्षं फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये होते. आई विचारायची, आज काय झालं? ते म्हणायचे, डबा झाला. कुठे काम करता म्हटलं की सरळ उत्तर द्यायचं नाही, हे मी लहानपणापासून घरात पाहिलेलं. ते मला गुणवंत खानझोडेच्या बाबतीत सुचायला हवं होतं. पण एकदा संशय बसला की संशयाच्या कामाचं तेवढंच सुचतं.

त्या संध्याकाळी बाबांनी तेवीस वर्षांत पहिल्यांदा पानावर बसून फॅक्टरीचं नाव काढलं.

"आमच्या पेंट शॉपमधल्या एका पोराला गेटवर बसवून ठेवलं आहे," ते म्हणाले. "चार दिवस झाले. रंगाची शेड जुळवतो तो. नजर इतकी बारीक आहे त्याची... ट्रकला लावायचा हिरवा एक थेंब इकडचा तिकडे झाला तर दुरून सांगतो. कुणा शहाण्यानं निनावी चिठ्ठी टाकली."

माझ्या हातातली पोळी तिथेच थांबली.

"वहीत नंबर सापडले. अरे, शेड कार्डाचे नंबर आहेत ते! प्रत्येक रंगाला नंबर असतो, आमचा शिपाईही सांगेल. पण सिक्युरिटीचे साहेब नवीन. म्हणतात, शेडचे असतील, पण मग टाइम काहून लिहिला? रेल्वे लाइनजवळ बसून काहून लिहिला? पोरगं म्हणून राहिलं, चित्राचे रंग उतरवत होतो, शिकायला. ठीक. पण एका पानाचं विचारलं की मान खाली. सांगतच नाही. प्रोबेशनवर आहे. सतरा तारखेपर्यंत सांगितलं नाही तर नाव कमी, अन् पुढे पोलीस."

"कुठलं पान?" मी विचारलं.

"आता मला काय ठाऊक! जेव."

माझ्या कपाटात, जुन्या वह्यांखाली, एक शेड कार्ड होतं. घडीचं, छोट्या छोट्या रंगीत चौकोनांचं, प्रत्येकाखाली नंबर. लहानपणी बाबांनी रद्दीतलं आणून दिलेलं. मी त्यावर बाहुल्यांसाठी साड्यांचं दुकान मांडायची. तो 'कार्' म्हणून थांबला होता, ते हे कार्ड. वीस वर्षं माझ्याच घरात होतं, आणि मी मालगाडीचे डबे मोजत बसले होते.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात बल्बखाली उभी राहून मी पहिलं पान चित्राशी लावून पाहिलं. ढगाचा कोपरा, जहाजाचा बुडखा, फेस. अंधुक प्रकाशातसुद्धा जुळत होतं. मग दुसरं पान घेतलं. ५४१, ३९७. कार्डावर पाहिलं — मरून. आणि मोगऱ्याच्या कळीसारखा पिवळट.

चित्रात मरून कुठे होता? समुद्रात नव्हता. ढगात नव्हता. मी शोधत राहिले, आणि मग हात आपोआप माझ्या पदरावर आला.

अकरा नोव्हेंबरला मी आईची मरून साडी नेसले होते. तिचा काठ फिकट पिवळा होता.

अठराला निळी. काठ दुधी. १०४, ३५२. पंचवीसला माझी नवी हिरवी, जिला मी मोठ्या तोऱ्यात मेंदी कलर म्हणत होते. २९८. कार्डावर पाहिलं, ऑलिव्ह ग्रीन. त्या माणसानं माझी नवी साडी मिलिटरी ट्रकच्या खात्यात घातली होती!

मी एकटीच खो खो हसले. शालिग्रामजींनी वर पाहिलं. मग माझे डोळे भरले, तेही त्यांनी पाहिलं, आणि सभ्यपणे पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

तर मान खाली घालून, नोकरी घालवून, तो हे सांगत नव्हता.

त्या संध्याकाळी मी बाबांसमोर उभी राहिले. "ती चिठ्ठी मी टाकली."

बाबा बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "साहेबांसमोर म्हणशील?"

"म्हणेन. पण साहेबांना वाचनालयात आणा. गुरुवारी, सव्वाचारला. वही घेऊन."

"अन् त्या पानाचं?"

"तिथेच दाखवते," मी म्हणाले. माझं त्या दिवसाचं धाडस चिठ्ठीची कबुली देण्यातच संपलं होतं.

सोळा डिसेंबरला सकाळी मी मरून साडी नेसले. आई दारात आडवी उभी. "कामाला जाऊन राहिली की लग्नाला?"

"चौकशीला," मी म्हणाले. तिचा विश्वास बसला नाही.

चार वाजता ते तिघे आले. पुढे सिक्युरिटीचे साहेब, भरघोस मिशांचे. त्यांनी खुर्चीवर बसण्याआधी खुर्चीचे पाय तपासले, आणि मला जरा बरं वाटलं. माझ्या जातकुळीचा माणूस होता. मागे बाबा. त्यांच्यामागे गुणवंत. दाढी वाढलेली, शर्टाची इस्त्री गेलेली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. त्याला कळलं की मला कळलं आहे.

साहेबांनी वही उघडली. शेड कार्ड उघडलं. चित्रासमोर गेले. "इतने अँधेरे में समंदर क्या, मुझे अपनी मूँछ नहीं दिख रही."

मी खिडकीकडे गेले आणि काळ्या कागदाला नख घातलं.

"अरे बिटिया, ब्लॅकआउट का वार्डन आ जाएगा!" शालिग्रामजी उठले.

"दिन है, शालिग्रामजी," मी म्हणाले, आणि कागद वरपासून खालपर्यंत फाडला.

उजेड तिरपा आत आला. आधी टेबलावर, मग फरशीवर, मग भिंतीवर चढला. रंगाचे जाड थर सुरीने थापल्यासारखे उभे होते; त्यांच्या कडाकडांवर ऊन अडलं, आणि बारा दिवस अंधारात पडलेला तो समुद्र एकदम हलल्यासारखा झाला. ढगांची फट पेटली. ती एक लाट आतून हिरवी झाली.

साहेबांनी टोपी काढली.

"समझाओ," मग ते गुणवंतला म्हणाले.

गुणवंत चित्राजवळ जाऊन उभा राहिला. मग एकदा सुरू झाला तो... "सर, मैं दिन भर ऐसा रंग मिलाता हूँ कि गाड़ी किसी को दिखे नहीं. चमके नहीं. इस आदमी ने उल्टा काम किया. मुझे देखना था कि कैसे किया." एकेक नंबर वाचत गेला, साहेब कार्ड धरून जुळवत गेले. जहाज जुळलं. फेस जुळला. ढगांच्या फटीपाशी वहीत नंबरऐवजी नुसतं प्रश्नचिन्ह होतं.

"ये क्या है?"

गुणवंतनं भोकाचा पुठ्ठा पुढे केला. "सर, इसमें से देखिए. सबसे ज़्यादा रोशनी जहाँ है, वहीं."

साहेबांनी एक डोळा मिटला. "ये तो... मटमैला है. मटके जैसा."

"अब पुट्ठा हटाइए."

साहेबांनी हटवला. पुन्हा भोक लावलं. पुन्हा हटवलं. लहान मुलासारखं चारदा केलं. "ये क्या जादू है भई?"

"नंबर डालूँ तो मटके का नंबर आता है, सर. रोशनी का नहीं आता. रोशनी उस रंग में है ही नहीं, बगल के काले में है. इसलिए सवालिया निशान."

मीही पुठ्ठा मागून घेतला आणि पाहिलं. खरंच. भोकातून पाहिलं तर मळकट पिवळा ठिपका. मी दीड महिना त्याच्याकडे असंच पाहत आले होते: हिरवी नखं, गिळलेला शब्द, वळलेली मान.

"ठीक," साहेब म्हणाले. "अब दूसरा पन्ना."

गुणवंतची मान खाली गेली.

"मैं बताती हूँ," मी म्हणाले.

मी माझ्या टेबलाशी गेले, खिडकीच्या उजेडात बसले, जशी रोज बसायची तशी. "ग्यारह नवंबर वाली लाइन पढ़िए."

"पाँच सौ इकतालीस."

"साड़ी."

साहेबांनी कार्ड माझ्या पदराशी धरलं. जुळलं. बाबांनी एकदम छताकडे पाहायला सुरुवात केली.

"तीन सौ सत्तानवे."

"किनार."

जुळलं. साहेबांच्या मिशा जरा हलल्या. मग त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली. "इसके आगे एक और है. चार सौ तैंतालीस. काट दिया है. फिर वही सवालिया निशान. ये क्या है?"

हे मला माहीत नव्हतं. ती खाडाखोड मी उतरवलीच नव्हती. मी गुणवंतकडे पाहिलं. तो फरशीकडे पाहत होता.

"बोलो, खानझोडे. सतरह तारीख कल है."

"कान, सर," तो म्हणाला. इतक्या हळू, की शालिग्रामजी उठून जवळ आले.

"क्या?"

"इनका कान. सवा चार बजे धूप पीछे से आती है, तो... उस लहर जैसा होता है, सर. अंदर से जलता है. मैंने पहले सॅमन पिंक लिखा. फिर काटा. नंबर नहीं मिला."

माझा तो कान आता कुठल्या शेडचा झाला असेल ते कार्ड काढूनही सापडलं नसतं. बाबांना छतावर पाहण्यासारखं फारच सापडलं होतं.

"सर," मी म्हणाले, कारण अजून एक राहिलं होतं, आणि ते या सगळ्याहून अवघड होतं. "चिट्ठी मैंने डाली थी. इनकी कोई ग़लती नहीं है."

साहेबांनी वही मिटली. माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "शक करना बुरा नहीं, बेटी. मेरी तो रोटी उसी की है," ते म्हणाले. "पर पूरा देख के किया करो." मग गुणवंतला, "कल सुबह शिफ़्ट पर. और फ़ैक्टरी के नंबर में किसी का कान मत लिखना."

ते निघाले. बाबा त्यांच्यामागे गेले, दाराशी थांबले आणि वळले.

"खानझोडे."

"जी, काका."

"रविवारी घरी या. सकाळी या." बाबांनी घसा साफ केला. "सव्वाचारला नको."

शालिग्रामजींनाही अचानक बाहेर काहीतरी काम आठवलं. उरलो आम्ही दोघं, आणि समुद्र.

"रागावले असाल," मी म्हणाले.

"अक्षर मी ओळखलं होतं," तो म्हणाला.

"कुठलं अक्षर?"

"चिठ्ठीतलं. साहेबांनी पहिल्याच दिवशी समोर ठेवली. तुमचा चार वरून उघडा असतो, रजिस्टरातल्या तुमच्या नोंदींत दर गुरुवारी पाहायचो. इतका उघडा चार जबलपुरात दुसऱ्या कुणाचा नाही."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. "मग सांगितलं काहून नाही? नाव सांगितलं असतं तर साहेब मला विचारायला आले असते. तुम्ही सुटले असते!"

"अन् त्या पानाचं मग तुम्हाला साहेबांकडून कळलं असतं," तो म्हणाला. "ते मला स्वतः सांगायचं होतं. गुरुवारी विचारतो म्हटलं होतं ना." त्यानं चित्राकडे मान वळवली. "शिवाय... नंबर तुम्ही इतके बरोबर उतरवले होते. एकही चूक नाही. कुणी माझ्याकडे इतकं लक्ष देऊन कधी पाहिलं नव्हतं."

"संशयाने पाहत होते मी!"

"हो. पण पाहत होत्या."

बाहेर कुठेतरी रेडिओचा आवाज वाढला. मग आरडाओरडा, सायकलच्या घंट्या, कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. ढाक्यात शरणागती झाली होती. लढाई संपली होती. लोक घराघरातल्या खिडक्यांवरचे काळे कागद फाडत सुटले. त्या रस्त्यावरचा पहिला कागद मात्र मी फाडला होता, तासभर आधी. शालिग्रामजी बाहेर गेल्यापासून वार्डनच्या वाटेकडे डोळे लावून व्हरांड्यात उभे होते, ते आता टोपी उडवत होते.

ऊन उतरत चाललं होतं. त्याच्या चेहऱ्यावर तिरपं पडलं होतं, दाढीवर, गालावरच्या त्या रेघेवर.

मी टेबलावरचा पुठ्ठा उचलला, एक डोळा मिटला, आणि भोकातून त्याच्याकडे पाहिलं.

"काय दिसून राहिलं?" त्यानं विचारलं. आता त्याच्या आवाजात संशय होता.

"चारशे दहा. साधा तपकिरी. काही विशेष नाही."

"अन् आता?"

मी पुठ्ठा खाली ठेवला होता.

"विनता," तो म्हणाला. पहिल्यांदाच हाक मारली त्यानं मला. "आता कुठला नंबर?"

"आमच्या घरची रीत आहे," मी म्हणाले, "आतलं बाहेर बोलायचं नाही."

आणि रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं. त्यानं आपलं नाव लिहिलं, आल्याची वेळ लिहिली. बाहेर जाण्याच्या वेळेचा रकाना मी त्या दिवशी हाताने झाकून धरला.